दादाच्या पत्र्याला भोक

९ मे
दुपारी वहिनी शिवता शिवता मशीनवरच कोसळली. मागच्या शिवणखोलीत पत्र्याखाली नुसती भट्टी असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर शिवण बंद. शिवणात तर तिचा जीव आहे.

मी दादाला म्हटलं, आढ्याजवळ पत्रा कापून वाऱ्यावर फिरणारा पंखा बसवतो — गरम हवा वरून निघून जाईल. माझं रोजचंच काम.

"माझ्या पत्र्याला भोक? स्वतःच्या हातांनी घातलाय मी तो. आजवर थेंब गळला नाही."

पन्नाशी आली तरी थोरल्या भावापुढे तोंड उघडत नाही.

१० मे
वहिनी परत मशीनवर. डोक्यावर ओला टॉवेल.

"भाऊजी, माझ्या डोक्याला भोक पाडतो म्हणा, लगेच हो म्हणतील. पत्र्याचं नाव काढू नका."

हसली. पण ओठ सुकलेले.

१२ मे
दादा भर दुपारी शिवणखोलीत जाऊन बसला. बाहेर आला तो शर्ट चिंब. "बसव. पण गळलं तर मला तोंड दाखवू नकोस."

१४ मे
देवाचं नाव घेऊन पत्रा कापला. दादा खाली शिडी धरून, मान वर. पंख्याच्या बैठकीची वरची कड आढ्याच्या पत्र्याखाली सरकवली, खालची पत्र्यावर घेतली. स्क्रू सगळे उंचवट्यावर. पाणी वाहतं त्या पन्हळीत एकही नाही. मग फटी बुजवायला चारी बाजूंनी सीलंट भरलं. हात राखला नाही.

पंखा फिरू लागला. वहिनीने टॉवेल वाळत टाकला.

१९ मे
पाऊस. पंख्याखाली टपटप. शिवून ठेवलेल्या पडद्यांवर डाग पडले. दादाने बादली आणून पंख्याखाली ठेवली — तेच जास्त लागलं.

वहिनीच म्हणाली, "पडदे धुता येतात. मी पुन्हा पडले असते तर?"

२० मे
वर चढून पाहिलं. चूक माझीच. खालची कड मोकळी ठेवायची असते. वरून थोडं पाणी शिरलंच तर तिथून निघून जातं. गिऱ्हाइकाकडे कधी चुकत नाही. इथे दादाच्या धाकाने तीही लिंपून टाकली. पाणी तुंबलं आणि भोकातून आत उतरलं.

खालचं सीलंट खरवडून काढलं. दादाला जसंच्या तसं सांगितलं.

तो शिडीला हात लावून उभा होता. "म्हणजे मला भ्यालास म्हणून गळलं."

२२ मे
दिवसभर पाऊस. खोली कोरडी. वहिनीची मशीन चालू. मी मनातल्या मनात हात जोडले.

२३ मे
सकाळी दादाची हाक. "स्वयंपाकघरावर पण एक बसव."

भोक नेमकं कुठे घेऊ, विचारलं.

"तिला विचार. ती कुठे उभी राहून रांधते, ते मी कधी बघितलंच नाही."