विहिरीच्या काठावर अकरा मिनिटं

४ फेब्रुवारी
साखरखेर्ड्याची विहीर संपली. गाळ निघाला, मालक खूश. नेहमीसारखी मी वर क्रेनवर, हे अन् जोडीला काम करणारा दत्ता खाली. दुपारी दत्ता वर आला तो डोकं धरूनच. "वयनी, गरगरून राह्यलं." ओकला. हे म्हणाले, ऊन लागलं. पन्नास फूट खाली कुठलं ऊन? पाणी उपसायचा पेट्रोलचा पंप खालीच कपारीत चालू होता, धूर तिथंच कोंडलेला. तसं मी बोलले. दोघंही सहा वर्षं हेच करतायत, कोण ऐकतं.
घरी येईस्तोवर दत्ता बरा.

९ फेब्रुवारी
बुलडाण्याला प्रशिक्षण. विहीर, टाकी, गोबरगॅस, असल्या कोंडलेल्या जागेत उतरणाऱ्यांसाठी. यांना वेळ नाही, म्हणून मी गेले. बाई एकटीच. एकाने मला चहा मागितला! वही दाखवली, मग गप्प.
अग्निशमनचे साहेब शिकवत होते. मी म्हटलं, आम्ही कंदील सोडतो, विझला नाही की उतरतो. तर म्हणे, "ताई, विझला तर उतरू नका, हे खरं. पण नाही विझला म्हणजे हवा चांगली, हे खोटं. पंपाचा धूर कंदिलाला कळत नाही. पेटणारा गॅस असला तर कंदीलच घात करतो." हवा मोजायचं मीटर दाखवलं, मुठीत मावतं. पंप वर ठेवायचा, नुसता पाइप खाली. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा, पट्ट्याला दोर.
अजून एक. खाली माणूस पडला तर त्याच्यामागे कोणी उतरायचं नाही. आधी हवा. हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेबांचा आवाज बारीक झाला.

१० फेब्रुवारी
यांना सांगितलं, मी हो म्हटल्याशिवाय दोर खाली जाणार नाही.
"मंग मालक कोन? तू का मी?"
"खाली तुम्ही. वर मी."
जेवण झालं. हात धुताना म्हणाले, "आन बापा तुह्यावालं मीटर."

१९ फेब्रुवारी
अमडापूरजवळ वासुदेवरावांची विहीर. कित्येक वर्षं स्लॅब टाकून बंद. स्लॅब फोडला तर कुजक्या पाल्याचा वास. मीटर दोरीने सोडलं, तळाशी प्राणवायू १६. चांगल्या हवेत एकवीसच्या आसपास पाहिजे. मीटर कोकलायला लागलं.
मी नाही म्हटलं.
वासुदेवराव चिडले. "माह्या बापानं याच विहिरीत पोहून उन्हाळे काढले. आन तुमी डबडं पाहून घाबरून राह्यले?"
वाटलं, हे मालकाची बाजू घेतील. पण म्हणाले, "बायको नाई म्हणते त नाई." दिवसभर ब्लोअर लावून पाइपने हवा सोडली. उद्या बघू.

२१ फेब्रुवारी
काल लिहिणं झालं नाही.
काल सकाळी मीटर वर ठीक, तळाशी अजून १८. ब्लोअर सुरू ठेवून आम्ही बाभळीखाली भाकर खायला बसलो. ब्लोअरचा प्लग कधी निसटला, कळलंच नाही. तेवढ्यात वासुदेवरावांच्या शेतावरचा गडी नामदेव, काम लवकर व्हावं म्हणून, त्यांचा पेट्रोलचा पंप दोराने खाली सोडून स्वतः पायऱ्यांनी उतरला अन् पंप सुरू केला. पट्टा नाही, काही नाही. त्याला कोणी सांगितलं, ते आता कोणी कबूल करत नाही.
त्याचा भाऊ किसन ओरडला तेव्हा पळालो. नामदेव खालच्या पायरीवर आडवा. पंप धडधडतोय.
किसन उतरायला निघाला. दत्ताने कंबर धरली. अन् हे? हेही चप्पल काढून पहिल्या पायरीवर. मी ओरडले. आयुष्यात अशी ओरडले नव्हते. "एक पाय खाली टाकला त क्रेन सोडून जाईन मी! आधी पंप वर!"
पंपाचा दोर क्रेनच्या हुकात अडकवून चालता पंपच वर ओढला, बंद केला. प्लग खोचून ब्लोअर चालू केला, पाइपचं तोंड नामदेवजवळ सोडलं. वासुदेवरावांनी १०८ ला फोन लावला. मीटर खाली. वाजतंय. थांबलो. परत खाली. वाजतंय. किसन रडून राह्यला, "सोडा बे मले, तो मरून राह्यला." मी घड्याळ बघत होते. दुसरं कुठे बघवत नव्हतं.
अकरा मिनिटांनी मीटर गप्प झालं. मी हो म्हटलं. हे पट्टा घालून उतरले, नामदेवला दुसरा पट्टा बांधला. मी क्रेनने वर उचलला. श्वास होता.
गाडी आली. चिखली, तिथून बुलडाणा.

२४ फेब्रुवारी
नामदेव शुद्धीवर. ऑक्सिजन चालू. डॉक्टर म्हणाले, धुराने मेंदूला किती इजा झाली ते हळूहळू कळेल.
दवाखान्याच्या दारात किसन. "अकरा मिनिटं पडू देलं माह्या भावाले तुमीनं." उत्तर होतं माझ्याकडे. दिलं नाही. दिलं असतं तरी ते उत्तर त्याच्या काय कामाचं?
घरी यांना विचारलं, माझं चुकलं का? म्हणाले, "मी गेलो असतो. मंग किसन, मंग दत्ता." अन् वर, "तू बी आली असती." खरं आहे. गेलेच असते.

३ मार्च
वासुदेवरावांचा निरोप, विहीर अर्धी आहे, कधी येता. पंप वरच राहील, तुम्ही म्हणाल तसं. दत्ता तयार. हे माझ्याकडे बघतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.

११ मार्च
नामदेवच्या घरी गेलो, हे अन् मी. ओसरीवर खाटेवर बसला होता. ओळखलं. उजवा हात कापतो, कपबशी दोन्ही हातांनी धरतो. मध्येच शब्द सापडत नाही. त्याच्या बायकोने चहा दिला, नीट बोलली.
किसन उंबऱ्यात उभा.
नामदेवने विचारलं, "वयनी, त्या दिशी झालं काय होतं? मले काईच याद नाई. हा बी सांगत नाई." अन् किसनकडे पाहिलं.
मी तोंड उघडलं. किसन म्हणाला, "थांबा वयनी. मी सांगतो." आत आला, खाटेवर भावाजवळ बसला. कुठून सुरू करावं ते बहुतेक त्याला कळत नव्हतं.
आम्ही थांबलो.