सुलतानचं रक्त

४ मार्च

साम्सावाला मांसाचे समोसे भाजायला तंदूरमध्ये अर्धा वाकलेला होता. मी नुसतं “दोन दे” म्हणालो, तर तिथूनच ओरडला – “माझं रक्त घरी सुखी आहे, त्याला फिरायला कशाला नेता!” सगळी रांग हसली.

वीस वर्षं इथे ओश शहराच्या नाटकघरात खान झालो, दरोडेखोर झालो, एकदा घोडासुद्धा. कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता रेडिओवरच्या सुलतान नावाच्या ट्रकवाल्याला आवाज दिला आणि गावभर ओळख! मालिका आरोग्य केंद्रासाठी आहे. रशियात कामाला जाऊन येणाऱ्यांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, एवढाच हेतू. सुलतानची बायको त्याला चल म्हणते, तो हे रक्ताचं वाक्य टाकतो आणि चहा मागतो.

माझी बायको जिपार म्हणते, “नवरा म्हणून तुला एवढं कुणी कधी विचारलं नाही.” खरं आहे.

९ मार्च

ताशतानच्या टॅक्सीनं नाटकघरात गेलो. हा नेहमीचाच. प्रत्येक गिऱ्हाईकाला सुलतानची नक्कल करून दाखवतो म्हणे. मलाही दाखवली. माझ्यापेक्षा बरी करतो.

१५ मार्च

केंद्रात बोलावणं आलं. बक्षीस देणार असं वाटलं होतं!

डॉक्टर सपारोवा टेबलामागे, बेर्मेत खिडकीशी. बेर्मेत मालिका लिहिते. दोघींची तोंडं पडलेली.

डॉक्टर म्हणाल्या, “कुबत बाइके,” – म्हणजे कुबतदादा – “पुरुष दारापर्यंत येतात. बायकोनं ओढून आणलेले असतात. दारात तुमचं वाक्य म्हणतात, हसतात, परत जातात. आता बायकाही हसतात. हसल्यावर आग्रह कसा करणार?”

मी म्हटलं, वाक्य माझं नाही, बेर्मेतचं.

बेर्मेत उसळली. “मी मूर्ख माणूस लिहिला होता! तू त्याला दिलदार करून टाकलास. ऐकणाऱ्याला त्याच्याबरोबर जेवायला बसावंसं वाटतं!”

ही शिवी आहे की कौतुक, ठरवता आलं नाही.

मग उपाय. बेर्मेत म्हणाली, मारून टाकते त्याला. डॉक्टर म्हणाल्या, अजिबात नाही. पूर्वी आपण भिंतीभिंतीवर कवट्यांची चित्रं लावली, काय झालं? लोक लपले. आता गोळ्या आहेत, रोज घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो, हे सांगायचंय. सुलतानला मारलंत तर ऐकणार कोण?

मी म्हटलं, त्याला तपासणीला पाठवा. पण भाषण नको. तो विनोद का करतो, ते कुणी विचारलंय का? घाबरलाय म्हणून करतो.

“तुला कसं माहीत?” बेर्मेतनं विचारलं.

नाटकघर बंद पडलं होतं तेव्हा रशियात सुरगुतला तीन हिवाळे विटा उचलल्यात. असे सुलतान खोलीत डझनभर होते.

२२ मार्च

नवरोज आटोपला. सणाची गव्हाच्या अंकुरांची खीर, सुमोलोक, अजून भांडंभर उरलीय, शेजारीही घेईनात.

२६ मार्च

सुलतान तपासणीला जाणार असं ठरलं, म्हणून माणूस तिथे बसतो कसा, ते बघायला केंद्रात गेलो. हात कुठे ठेवतो, काय बघतो. बाकावर तिघं होते. एक सारखी टोपी काढत होता, घालत होता. हे उचलायचं – पण रेडिओवर टोपी दिसणार कशी!

नर्सला म्हणालो, मी नुसता बसायला आलोय. बास. आवाज ऐकून टोपीवाला उभाच राहिला. “सुलतान बाइके! तुम्हीसुद्धा?”

काय सांगणार? अभ्यास करतोय म्हणून? तिघंही हातावर हात ठेवून बघत होते. मी बाही वर केली. नर्सनं नसेतून रक्त घेतलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाली. माझ्यामागून टोपीवाला गेला, मग बाकीचे दोघं. गेले खरे.

२ एप्रिल

रेकॉर्डिंग. सुलतान बायकोला म्हणतो, “मी घाबरलोय. तू बरोबर चल.” एवढंच. बेर्मेतनं आणखी पानभर लिहिलं होतं, ते मी खोडलं. भांडण झालं. मग एकदाच घेतलं. ध्वनिवाला पोरांच्या परीक्षेबद्दल बोलत होता, तो थांबला.

९ एप्रिल

काल भाग लागला. एकही फोन नाही. बेर्मेत म्हणाली, “बुडालो.” मलाही तसंच वाटतंय. साम्सावाल्यानं आज नुसती साम्सा दिली.

११ एप्रिल

ताशतानच्या टॅक्सीत आज नक्कल नाही, गाणं नाही. पुलापाशी डावीकडे वळायचं, तर सरळ गेला.

“अरे, नाटकघर!”

“माहितीये, बाइके.”

केंद्रासमोर गाडी उभी केली. किल्ली माझ्या हातात दिली. “मी आत जातो. तुम्ही इथेच बसा. जाऊ नका हां. गेलात तर मीपण पळेन.”

तालमीला उशीर झाला. बसलो. एक पोलीस आला, इथे गाडी लावायची नाही म्हणाला. मी म्हटलं, गाडी माझी नाही आणि मला चालवता येत नाही. दोन्ही खरं. तोही मग टेकून उभा राहिला. आवाज ओळखल्यावर म्हणाला, “बायको म्हणते, मीही जावं. दुखतं का?”

ताशतान बाहेर आला तो कोपरात कापूस दाबून. “चला, तुमची तालीम!” नाटकघरात दिग्दर्शक माझ्यावर ओरडला तेव्हा हा त्याच्यावरच खेकसला – “बाइके कामात होते!”

१८ एप्रिल

डॉक्टर सपारोवांचा फोन. पुरुष जोडीनं येतायत. भाऊ भावाला आणतो, गवंडी गवंड्याला. बाकं कमी पडतायत. माझं उत्तर आणायला मी गेलोच नव्हतो; बोलता बोलता म्हणाल्या, तुमचं रक्त पुन्हा द्यावं लागेल, सवडीनं या. गर्दीत बाटल्या हरवत असतील.

१९ एप्रिल

दिलं.

२४ एप्रिल

राजधानीतून, बिश्केकहून, पाहणीवाले आले होते. दोन तरुण मुली, फार सभ्य. मालिका ऐकून लोकांच्या वागण्यात फरक पडला का, हे मोजणार. मला विचारलं, “तुमच्या मते कोणत्या प्रसंगाचा परिणाम झाला?” मी म्हटलं, ताशतानला विचारा. त्याला विचारलं, तर म्हणाला, “परिणाम कसला? आम्हाला एकटं जायचं नव्हतं.” दोघींना हे कुठल्या रकान्यात भरायचं, कळेना.

ताशतानचा निकाल स्वच्छ आला. मागाहून गेलेल्या त्या पोलिसाचाही. दोघं मिळून मला पलोव खाऊ घालणार आहेत.

३० एप्रिल

आज केंद्रात डॉक्टरांनी दार लावून घेतलं. पहिल्या रक्ताचं होतं तेच दुसऱ्याचंही उत्तर. मला आहे. बहुतेक सुरगुतचं, म्हणाल्या, पण त्याला आता अर्थ नाही. गोळ्या आजपासून.

जिपारला दुपारीच सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली, स्वच्छ झालेलीसुद्धा. मग हात पुसून म्हणाली, “माझं कधी काढायचं?” सकाळी जातोय.

संध्याकाळी बेर्मेत शेवटचा भाग घेऊन आली. त्यात सुलतानला काही निघत नाही, लोकांचा लाडका म्हणून. मी म्हटलं, हे खोटं मला वाचता येणार नाही. ती म्हणाली, “आता का?” तिला सांगितलं. माझ्याच टेबलावर बसून ती नव्यानं लिहायला लागली.