दहा बाय बाराची जागा

धामणगाव बढे,
मंगळवार

प्रिय भगवान,

आशीर्वाद. इथली खुशाली मागाहून. आधी मला सांग, तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे? पोरगी तुला पसंत, तू पोरीला पसंत, साखरपुडा तोंडावर आला, आणि आता तू लिहितोस की ताई, उकंडरावांना नकार कळव, माझी जागा फारच लहान आहे. तू तिकडे परळला मोकळा. उकंडराव माझ्यापासून चार घरं सोडून राहतात, विहिरीवर त्यांच्या बायकोला रोज तोंड दाखवायचंय ते मला! आणि त्यांच्या विमलसारखी पोरगी दिवा घेऊन शोधलीस तरी तुला पुन्हा मिळायची नाही.

घोळ सगळा तुझ्या आधीच्या पत्रानं झाला. 'पागडी देऊन जागा घेतली' एवढंच लिहिलंस, मी उकंडरावांना तसंच वाचून दाखवलं. आमच्याकडे जागा म्हणजे मोकळी जमीन आणि पागडी म्हणजे डोक्यावरची. म्हातारा खूश! जावयानं मालकाला पागडी बांधून मान केला आणि मालकानं मुंबईत जमीन दिली, असं गावभर सांगत सुटला. तेवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं, पण मलकापूरला जाऊन चांगलं जरीकाठी पागोटं घेऊन आला. का, तर मुलीकडूनही मालकाचा मान व्हायला हवा. शेवटी तुझ्या भाऊजींनी समजावलं, की ही पागडी म्हणजे रोख पैसे, त्याची पावती नाही, ते देऊनही खोली आपली होत नाही आणि भाडं दर महिन्याला वेगळं. तर उकंडराव म्हणाले, "म्हंजे बैल इकत घ्याचा, आन् जुपाच्या वक्ती त्याचं भाडंबी द्याचं? मुंबई आपल्या राज्यात आली म्हन्तेत, मंग आपल्याच मुंबईत हे असं काऊन?"

मग तुझ्या नव्या पत्रातलं खोलीचं माप निघालं. फुटांत कुणालाच अंदाज येईना, तेव्हा उकंडरावांनी आपल्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून दहा बाय बारा आखलं आणि घरातल्या सगळ्यांना आत उभं केलं. तिघे भाऊ, भावजया, सुना, पोरंटोरं. उभं राहतानाच धक्काबुक्की, एक पोरगं रेघेबाहेर पडलं तर त्याला 'रस्त्यावर गेला, रस्त्यावर गेला' म्हणून ओढून आत घेतलं. "एवढ्यात तं माह्या म्हशीबी बसत नाहीत!" उकंडराव ओरडले. तुझ्या पागडीच्या पैशात इथं आठ खणांचं घर येतं, विहिरीसकट. मलकापुरात स्टेशनाजवळ ओसरीच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं भाड्यानं राहता येतं. डोणगावचा कुणी पाहुणा आला होता, तो म्हणाला आमच्याकडे त्याहून स्वस्त, वर गोठा फुकट. मीही भांडले. नळ घरात, दिवा घरात, जिना उतरलं की पिठाची गिरणी, सगळं ऐकवलं. तर म्हणे, "आन् पाव्हणे कोठं निजतेत?" मी चिडून म्हणाले, "पाव्हणे येतच नाहीत तिथं!" आणि अंगणातल्या सगळ्या बायका वळून माझ्याकडेच बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल माझ्याकडे विरजण मागायला आली. पाच म्हशींचं घर त्यांचं, विरजण कसलं मागते! चुलीपाशी मान खाली घालून बसली आणि हळूच विचारलं, "बाई, थ्या खोलीत खरंच दोघंच राह्यतेत? आन् दाराले आतून कडी हाय?" मी हो म्हणाले, तशी हसता हसता रडायलाच लागली. त्यांच्या एवढ्या मोठ्या घरात आतून कडी लागते ती फक्त धान्याच्या खोलीला. म्हणाली, "मोठी जागा पाहून राह्यले असतीन तं थांबवा त्याह्यले. मले थेच पाह्यजे." आणि बापाला तिनं स्वतःच समजावलं. काय सांगितलं देव जाणे, पण काल उकंडराव येऊन साखरपुड्याची साखर किती लागेल ते विचारून गेले.

भगवान, खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. या आठ खणांच्या घरात मी लग्न होऊन आले. तुझे भाऊजी देवमाणूस. पण आम्ही दोघांनीच बसून कधी कपभर चहा घेतलेला मला आठवत नाही. सासूबाई, दीर, नणंदा, पाहुणे. सगळे चांगले, पण सगळे सतत. म्हणून नकार मी कळवलेला नाही आणि कळवणारही नाही. किसनमामा नोकरी शोधायला तुझ्याकडे राहायला येणार होते ना, त्यांना लिही, जागा नाही. मलाही मुंबई बघायला बोलवायचं नाही. मी हट्ट करीन, तू ऐकू नकोस. हे पत्र विमलनंच मला समोर बसून लिहायला लावलंय, आणि शेवटची ओळही तिचीच आहे. ती सांगितली आणि लाजून पळाली: दाराची कडी नीट लागते का, ते आजच पाहून ठेवा.

तुझीच,
मनकर्णाताई