गायबाना जनाज्याचा अर्ज

२८ जुलै
धर्माच्या ज्या गोष्टींवर बोलण्याचा अधिकार मौलानांचा, त्यांवर माझ्यासारखीने लिहावे हे धाडसच; अल्लाह माफ करो.
चाचा, माझ्या बावांचे भाऊ, मशिदीच्या जमातीचे सचिव. म्हणाले, "दहावीला शाळेत पहिली आलीस ना? मग सूचना तूच लिही, झकास." मासेमारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी बायका पाण्याचे रखवालदार ख्वाजा खिज्र यांच्या नावे गुळाचा मलिदा करतात, केळीच्या सोपट्यावर दिवा ठेवून खाडीत सोडतात. यापुढे बंद. अल्लाहखेरीज कोणाकडे मागणे म्हणजे शिर्क, असे दोनदा लिहिले. वाक्ये नेटकी झाली. आनंद झाला.

१ ऑगस्ट
अम्माने सूचना वाचून घेतली. काढलेला गूळ पुन्हा डब्यात ठेवला. "तुझ्या हातचं लिवलेलं, खोटं नसंल."
बावा हसले. "अगो, खिज्र काय रुसून बसतो व्हय?"
दिव्याविना बावांची होडी गेली.

१९ ऑगस्ट
तीन दिवस वारा. बावा परवा एकटेच गेले होते. होडी मढच्या बाजूला सापडली. आत जाळे, चपला. बावा नाहीत.

२३ ऑगस्ट
अम्मा अंधेरीच्या बाजारात माशांची पाटी घेऊन बसते, गिऱ्हाइकांशी भांडते. शेजारची जैबूखाला मला म्हणाली, "एवढी शिकलीस ती दिवा बंद करायला काय गो?" अम्मा मात्र मला दोषाचा एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर...
दिव्याने कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही.

३ सप्टेंबर
चाचा आले. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर बावांचा गायबाना जनाजा. मय्यत समोर नसताना पढतात तो नमाज. मग अम्माची इद्दत, विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस घरात. त्यासाठी जमातीला अर्ज हवा, अम्माच्या नावाने, अक्षर माझे.
अम्मा म्हणाली, "जित्या माणसाचा जनाजा? अंगठा कापून न्या माझा."
"भाबी, किती दिवस वाट बघणार?"
"तो येस्तवर."

५ सप्टेंबर
मला बावा जिवंत वाटत नाहीत. हे या घरात कोणाला सांगायचे?
अर्ज लिहिला. 'अर्जदार स्त्रीस हा नमाज मान्य नाही. खात्रीलायक साक्ष मिळेपर्यंत थांबावे, ही विनंती.' खाली अम्माचा अंगठा. एकही वाक्य खोटे नाही. माझा एकावरही भरवसा नाही.
चाचांचा फोन. "मशिदीत ऐलान झालंय गो, सगळ्यांना सांगितलंय. आता कसलं थांबायचं?"
अर्ज आणि ही पाने मौलानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. जुम्याची अजान सुरू आहे. शुक्रवार, ५ सप्टेंबर, दुपारी १२ वाजून ५२ मिनिटे.