पुसलेली चार बोटं

१७ जून, मंगळवार

करुणाचा फोटो पाहिला, आणि त्यानंतर दुकानात एक ओळ सरळ पडली नाही.

सकाळी मोबाइलवर आला, कुणाच्या तरी स्टेटसवरून फिरत फिरत. पुण्याचा रस्ता माणसांनी भरलेला. पुढे माझी करुणा. एकुलती एक लेक, पुण्यात नर्स. एका हातात निळा झेंडा. दुसरा हात रीताच्या हातात. रीता म्हणजे तिच्याच दवाखान्यातली, तिच्याच खोलीवर राहणारी. मागच्या साली आमच्याकडे दोन दिवस राहून गेली. चांगली बोलकी पोरगी. पण हा हात नुसता धरलेला नाही. बोटांत बोटं अडकवलेली आहेत! रीताच्या गालावर सहा रंगांचे पट्टे. आणि दोघींच्या डोक्यावर भला मोठा बॅनर — इंग्रजीत, प्राइड.

आखाडा बाळापुरात फ्लेक्स छापणारे बरेच आहेत. वाचणारा मी एकटा. दहावीतून शाळा सुटली, पण रंगाच्या डब्यांवरचं, औषधांच्या खोक्यांवरचं वाचत वाचत इंग्रजी शिकलो. पाट्या रंगवायचा ब्रश सुटला तेव्हा कॉम्प्युटरही असाच शिकलो, कुणाच्या पाया न पडता. 'शुभेच्छुक' हा शब्द या गावात एकाच दुकानातून बरोबर छापून जातो. तर हा मोर्चा कशाचा, हे मला न सांगता कळलं.

करुणाच्या आईला, ज्योतीला, दाखवला नाही. जेवताना ती म्हणाली, "अवो, भाकर गार होऊन राहिली." मला ऐकूच आलं नव्हतं.

१८ जून, बुधवार

तरी कोश काढला. आपली समजूत चुकली असेल, ही आशा. चुकली नव्हती.

प्राइड. अभिमान. गर्व. ताठा. स्वाभिमान. खाली बारीक अक्षरांत — सिंहांचा कळप! हे माहीत नव्हतं. आणखी एक, मानाची जागा. ते मला कोशाशिवाय कळतं. फ्लेक्सवर कुणाचा फोटो वर, कुणाचा किती मोठा, यावरून माझ्या दुकानात कॉलरी धरल्या गेल्यात. कोश जुना आहे. मोर्चाचा अर्थ त्यात नाही. तो मोबाइलवर पाहिला: बाईनं बाईवर जीव लावला तरी मान वर ठेवून चालायचं, असा मोर्चा. पाहून झाल्यावर पाहिल्याची खूण पुसली. कुणाच्या भीतीनं? दुकानात मी एकटाच होतो!

इंग्रज एकाच शब्दात भागवतात. आपल्याकडे बोलणारा कोण आहे, त्यावर शब्द बदलतो. माझे वडील, जळबा, डोंगरकड्याच्या बाजाराला इस्त्रीचा सदरा घालून जायचे. घरात आम्ही त्याला स्वाभिमान म्हणायचो. हॉटेलच्या बाकावरची माणसं म्हणायची — लई माज आलाय! सदरा तोच. वडील घरी येऊन हसत हसत सांगायचे. हात मात्र खिशात ठेवायचे. आता वाटतं, थरथरत असणार.

आमच्या पोरांनी मान वर केली तर बाहेरचे माज म्हणतात. त्याची सवय आहे, त्याला उत्तर तयार आहे. पण करुणाला उद्या आपलेच लोक काय म्हणतील? विहारातल्या बाया काय म्हणतील? त्याला उत्तर नाही माझ्याकडे. असल्या लेकरांना गावागावांत काय करतात, त्याचे व्हिडिओ मी पाहिलेत. पूर्ण पाहवले नाहीत.

२० जून, शुक्रवार

फोटो मोबाइलमधून काढून टाकला. मग परत मिळवला. मग कॉम्प्युटरमध्ये 'लग्नपत्रिका, जुन्या' या फोल्डरात ठेवला.

२२ जून, रविवार

जे नको होतं तेच झालं.

दुपारी धम्मानंद दुकानात. विहार समितीचा सचिव, तिशीतलं पोरगं. "जयभीम दादा!" म्हणत खुर्ची ओढली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. तोच फोटो!

"काय फोटो हाय दादा! झेंडा बघा कसा धरलाय पोरीनं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतोय न्हवं? त्याच दिशी विहारात करुणाचा सत्कार करायचं ठरलंय. चौकात मोठा फ्लेक्स पायजे. तुमीच करा."

"सत्कार कशाबद्दल?"

"पुण्यात समाजाचा झेंडा म्होरं न्हेला म्हणून. काहून? वडलांना अभिमान न्हाई का?"

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बराच वेळ. उगाच.

"आहे की! नसायला काय झालं?" मी म्हणालो. आवाज मोठा निघाला.

तो गेल्यावर पाणी प्यायलो. मग डोकं चालायला लागलं. त्यानं झेंडा पाहिला, बॅनर वाचला नाही. त्याला वाटतंय, हा आपलाच कुठलातरी मोर्चा. नाही म्हणालो असतो तर गाव म्हणालं असतं, बापाला काहून नको? म्हणजे संशय. हो म्हणालो, तर फोटो चौकात. दोन्हीकडून मेलो! एक बरं आहे, निदान फोटो माझ्या हातात आहे. दुसऱ्या कुणाकडे काम गेलं असतं तर जसाच्या तसा छापला असता.

२५ जून, बुधवार

करुणाचा फोन. नेहमी आईला करते. आज मला.

"बाबा, धम्मानंददादा म्हणाला, तुम्ही फ्लेक्स करताय. खरंच?"

"हो."

"तोच फोटो?"

"तोच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "बाबा, मग मी येते. पौर्णिमेच्या आदल्या रात्री निघते. रीताला पण आणते. चालेल ना?"

मी म्हणालो, "इथं रेंज नाही," आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

मी फ्लेक्स करतोय म्हणून तिला रडू काहून यावं? माझ्या लक्षात यायला तासभर लागला: तिला वाटतंय, बापानं दोघींचे हात मान्य केले. आणि लक्षात आल्यापासून जास्तच भीती वाटते आहे.

२८ जून, शनिवार

काम केलं. लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार.

शटर अर्धं ओढून बसलो. बॅनर आधी कापला. त्यात काही नाही, वरून पट्टी काढली की झालं. मग रीता. चेहरा, गाल, पट्टे, खांदा. मागची गर्दी ओढून तिच्या जागी भरली. आता तिथे दोन अनोळखी माणसं आणि एक झाड आहे. हेही सोपं. मी लोकांच्या घरच्या फोटोंतून मेलेले काढलेत, भांडलेले जावई काढलेत. कधी काही वाटलं नाही.

बोटं अवघड गेली. रीताची चार बोटं करुणाच्या हाताच्या पाठीवर. एक पुसलं की करुणाच्या कातडीचा रंग बदलायचा. परत मागे. परत. नखांची टोकं शेवटपर्यंत निघेनात. एवढं घट्ट धरलंय पोरींनी!

निघाली. पण मग करुणाचा हात बघवेना. अर्धी मूठ, आत काहीच नाही. बघणारा विचारणारच, हिच्या हातातलं काय काढलं? म्हणून एक पेन शोधला आणि त्या मुठीत बसवला. सावली दिली. सावलीची दिशा बरोबर आहे. कडा स्वच्छ आहेत. पेन असा कुणी धरत नाही, हे मला दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही.

दरवेळी नवं काम झालं की मी स्टेटसला टाकतो. हे टाकलं नाही.

३० जून, सोमवार

वैजनाथ मास्तर चहाच्या गाड्यावर भेटले. शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांचं इंग्रजी मला ठाऊक आहे, निरोपसमारंभाचा मजकूर माझ्याकडून तपासून घेतात.

"काय भीमराज! पोरगी गाजून राहिली म्हणे. आता काय तू आमाला वळखतोस का न्हाई?"

"वळखतो की मास्तर. उधारीवाल्यांना आधी वळखतो."

सगळे हसले. मास्तर जास्त हसले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "फ्लेक्सवर खाली मोठ्यानं टाक — प्राइड ऑफ बाळापूर!"

चहा माझ्या सदऱ्यावर. मास्तरनी रुमाल दिला. "आरं, एवढं काय दचकाया झालं? बापानं छाती फुगवून फिरावं आता."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. शब्द सहज आला की मुद्दाम? बॅनर वाचला असेल का? नाही. असले किताब रोज वाटतात लोक, त्यातलाच एक. मास्तरना दुसरा अर्थ माहीत असणं शक्यच नाही. शक्य नाही असं मी चौथ्यांदा म्हणतोय.

३ जुलै, गुरुवार

ज्योतीनं विचारलं, "रीता तिखट खाती का वो? मागल्या टायमाला ठेचा बाजूला सारला व्हता तिनं." मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, "तुमाला काय माहीत असतं म्हणा!" आणि हसली नाही.

७ जुलै, सोमवार

फ्लेक्स चौकात लागला. पोरांनी चारही कोपरे ताणून बांधले, एक सुरकुती नाही. 'करुणा भीमराज — समाजाचा अभिमान.' मजकूर समितीचा, अक्षरं माझी. अक्षरं चांगलीच आलीत, खोटं काहून बोलू.

दुकान बरोबर समोर. दिवसभर बघत बसलो, कोण थांबतं. जो थांबला त्याची नजर झेंड्यावर आहे की पेनावर, ते बघायचं. एक म्हातारा बराच वेळ उभा होता, मग कळलं की रिक्षाची वाट पाहत होता. दोन पोरं मोबाइल काढून फ्लेक्सकडे बघत काहीतरी बोलली आणि हसली. मी बाहेर गेलो तर निघून गेली.

कोशातला तो ताठा शब्द आठवला. लोक माझ्याबद्दल म्हणतात, भीमराजला ताठा लई. म्हणू देत. ताठ्यानंच इथवर आलो. पण आज पाठ ताठ ठेवायला तकलीफ झाली, हे या पानालाच सांगतो.

संध्याकाळी ज्योती अंगणवाडीतून परत येताना फ्लेक्ससमोर उभी राहिली. डबा काखेत. हलेचना. मी जवळ गेलो.

"तिच्या हातात पेन कवा दिला?"

"फोटोतच होता."

"असं?" म्हणाली, आणि माझ्यापुढे चालत घरी गेली. आम्ही नेहमी बरोबर चालतो.

८ जुलै, मंगळवार

अक्षर बघा माझं, ओळीवर राहीना!

शाई संपली म्हणून हिंगोलीला गेलो होतो. परत आलो, बसमधून उतरलो, चौकाकडे पाहिलं. फ्लेक्स कापलेला! फाडला नाही, कापला. धारदार पातं घेऊन, सावकाश. चेहरा तसाच. झेंडा तसाच. फक्त तो हात, पेनाचा, तेवढाच चौकोन कापून नेलाय. भोकातून पलीकडचा विजेचा खांब दिसतो.

म्हणजे तिथे काय होतं, हे कुणाला तरी माहीत आहे. मूळ फोटो कुणीतरी पाहिलाय, बॅनर वाचलाय, आणि मला कळावं म्हणून बरोबर तेवढंच कापलंय. आज फ्लेक्स. परवा पोरगी स्वतः तिथे उभी राहणार, रीताला घेऊन!

कुणाला विचारलं नाही. दुकानात शिरलो, शटर पूर्ण ओढलं, अंधारात करुणाला फोन लावला.

"येऊ नको. रीताला तर मुळीच आणू नको. गावात कळलंय."

"काय कळलंय बाबा?"

"तू काय आहेस ते."

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"फोटो पाहिला तेव्हापासून."

"आणि फ्लेक्सवर तोच फोटो आहे ना, बाबा? तुम्ही म्हणाला होतात."

ती वाट बघत होती, श्वास ऐकू येत होता. दवाखान्यातली कुठलीतरी घंटा वाजली.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. फोन बंद.

तिच्या भल्यासाठी केलं. जिवंत राहिली तर चिडू दे. घरी ज्योतीला काही सांगितलं नाही. ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं नाही.

९ जुलै, बुधवार

सकाळी चहाच्या कपाशेजारी ज्योतीनं फ्लेक्सचा तुकडा ठेवला. पेन धरलेला हात.

"कुणी कापला म्हणून हुडकू नका. मी कापला. दिवसाउजेडी. शिडी धम्मानंदनं धरली. पूर्ण फोटो छापा, म्हणून निरोप हाय त्याचा."

"त्याला... माहीत आहे?"

"पोरीनं मला तीन वर्सांखाली सांगितलं. मग धम्मानंदला, मास्तरला, विहारातल्या बायांना. दोघीतिघी नाक मुरडत्यात, मुरडू द्या. ऱ्हायले तुमी. तुमालाच सांगायचं भ्या वाटत व्हतं तिला. आमालाबी. म्हणून त फोटो तुमच्या हातात दिला समद्यांनी, म्हणलं आता तरी तोंड उघडतील."

आत्ता ती बाहेर दोघींसाठी गाद्या उन्हात टाकून राहिली आहे. काल मी करुणाला काय बोललो, ते तिला अजून माहीत नाही.