एका खेपेत सगळी औषधं

३ मार्च
किडनीच्या डॉक्टरने आणखी एक औषध गळ्यात मारलं. कोळशाची काळी पूड. पोटातलं विष शोषून घेते, डायलिसिस लांबवते म्हणे. अट एकच, बाकीच्या गोळ्यांपासून तासभर लांब ठेवायची. पूड आहे की रुसलेला जावई? मी जन्मभर गोदाम चालवलं. एका खेपेत सगळा माल, हा माझा नियम. डॉक्टर अजून कोवळा आहे.

४ मार्च, सकाळी
बीपीच्या गोळ्या आणि पूड, एका घोटात. बायको घड्याळ घेऊन हजर. म्हटलं, गोळ्या मघाशीच घेतल्या. खोटं नाही. आधी गोळ्याच तोंडात टाकल्या होत्या.

११ मार्च
बीपी चढलं. मशीन मुलाने आणलेलं, दुसरं काय होणार? नवीन आणतो म्हणाला. म्हटलं, उपकार नकोत. तरी आणलंच.

१९ मार्च
नव्या मशीनवरही तेच. म्हणजे गोळ्यांतच खोट. केमिस्टला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं, खडू विकतोस काय म्हणून. तो उलट मलाच विचारतो, पूड कधी घेता? चोराच्या उलट्या बोंबा! संकल्प: त्या दुकानाची पायरी चढायची नाही.

२४ मार्च
पाय सुजले. चपलांत मावत नाहीत. हल्ली चपलाही धड बनवत नाहीत. बायकोची भुणभुण चालूच, अंतर ठेवता ना? ठेवतो. तिच्यापासून.

२ एप्रिल
रिपोर्ट वाईट. डॉक्टरला सुनावलं: केमिस्ट चोर, मशीन भंगार, तुम्ही अडाणी. त्याने विचारलं, औषधं घेता कशी? माझी पद्धत ऐटीत सांगितली. बायकोने डोक्याला हात लावला. डॉक्टर म्हणाला, या पुडीला विष कुठलं आणि औषध कुठलं कळत नाही, जवळ येईल त्याला धरते. महिनाभर गोळ्यांचा बराचसा गुण तिनेच गिळला. आता डायलिसिसची तयारी. पुढच्या आठवड्यात हाताच्या शिरेचं ऑपरेशन.
घाबरलो. बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरला म्हणाली, आपलं कोण, परकं कोण, यांनाही कधी कळलं नाही.

३ एप्रिल, सकाळी
मुलाने त्याच केमिस्टकडून गोळ्या आणल्या. बायकोने हातावर ठेवल्या, समोर घड्याळ मांडलं. पूड तासाने. म्हटलं, तोवर बस जरा जवळ. ती म्हणाली, अंतर ठेवायचंय ना, आणि आत गेली.
काटा हलत नाही. घड्याळही मुलानेच आणलेलं.