धाकटी गिऱ्हाइकं

४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

साबणाचा खोका पोचला. एक वडी टेबलाच्या खणात टाकली, आता माझ्या कागदांनाही तुझ्या घरासारखा वास येतो. लेबलांचा मोबदला साबणात देणारी तू एकटीच, पण तक्रार नाही.

एका गोष्टीवर घोडं अडलंय, आणि फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. घरी बसून डिझाइनचं काम करणाऱ्या माझ्यासारखीकडे धाकटी गिऱ्हाइकंच येतात. समोरच्या चावीवाल्याला पाटीवरची चावी हसरी हवी होती. बटणवाल्या काकूंनी पाटीचा रंग बदलून बदलून माझ्या नाकी नऊ आणले, शेवटी पहिलाच पसंत केला आणि खुशीने पिशवीभर बटणं दिली. जीव लावतात सगळी, पण भाड्याची तारीख आली की माझा जीव टांगणीला लागतो.

आता एक थोरलं गिऱ्हाईक आलंय. वर्षभराचं काम देतात. अट एकच: धाकट्यांना एकेक करून सोडायचं आणि त्यांच्यासाठी काढलेली मूळ चित्रं कंपनीत जमा करायची. आपल्याकडे काही ठेवायचं नाही. तू काय म्हणतेस?

लोभ आहेच, सोबत सल्लाही यावा.

तुझी
ठकू

११ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

सल्ला मागतेस म्हणजे तुझं ठरलेलं असणार. लहानपणीही बिस्कीट खाऊन झाल्यावर घेऊ का म्हणून विचारायचीस. घे ते काम. भाड्याच्या काळजीने तू वाळत चालली आहेस, ते मला बघवत नाही. फक्त त्यांना एवढं विचार, की इतक्या मोठ्या कंपनीला चावीवाल्याची पाटी हवी कशाला? तू घराबाहेर अडकलीस तेव्हा त्यानेच कुलूप उघडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याला सोडताना दोन शब्द गोड बोल.

आणि मीही तुझं धाकटंच गिऱ्हाईक की. माझ्या साबणावरचं मांजर द्यायचंच झालं तर सगळ्यांत शेवटी दे म्हणजे झालं.

वेळेवर जेवत जा आणि मला विसरू नकोस.

तुझी
मावशी

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काम घेतलं. ऑफिस लांबलचक आहे. ओळीने खुर्च्या मांडल्यात, पण त्यांवर कुणी बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एक बाई दाराशी येऊन चित्रांचा लिफाफा घेते. तिचं बोलणं इतकं मऊ, की जिना उतरेपर्यंत तिचा चेहरा आठवेनासा होतो. तुझा प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, आम्हाला पाटी नकोच आहे, आम्हाला तुमचं लक्ष हवंय, सगळंच्या सगळं.

काम तसं मजेचं आहे. रस्त्याच्या कडेला लावायच्या पत्र्यांसाठी करडा रंग ठरवायचा. नजर त्यावर थांबता कामा नये, असा करडा. ढीगभर छटा केल्या, एक जमली. चावीवाल्याला सोडत असल्याचं सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, बरं झालं, मोठी हो. त्याचं चित्र जमा केलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर त्याच्या दुकानाच्या जागी माझाच करडा पत्रा. इतका सफाईने बसवलेला, की दार कुठे होतं ते कळेना. जराशी चरकले. पण भाडं वेळेवर गेलं, हेही खरं.

लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझी
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

दोनच ओळी. चावीवाला कुठे गेला त्याची चौकशी कर. बटणवाल्या काकूंना माहीत असेल. मला उगाच हुरहुर लागली आहे.

तुझी
मावशी

१ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून हसू आलं. कुठला चावीवाला? माझ्या खिडकीसमोर भिंत आहे आणि मी राहायला आले तेव्हापासून भिंतच आहे. तू दुसऱ्या कुणाचं तरी माझ्या नावावर घालते आहेस. वयाचा परिणाम म्हणावं, तर तू चिडशील.

बाकी ठीक. खणात पिशवीभर बटणं सापडली, कुठून आली कोण जाणे. करड्याचं फार कौतुक झालं. सारख्या खेपा नकोत म्हणून उरलेल्या सगळ्या धाकट्यांना सोडल्याच्या कागदांवर मी एकदमच सह्या करून टाकल्या. चित्रं सवडीने नेऊन देईन.

कळावे.

ठकू

६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात नमस्कार नाही, लोभ नाही, याचा राग आला असता. पण आधी तुझी जुनी पत्रं काढून बसले. तुझं जानेवारीतलं पत्र सोबत पाठवते आहे. अक्षर तुझं, चावीवाला तुझा, बटणंही तुझीच. वाच आणि सांग, वय कुणाचं झालं.

आता माझं ऐक. गेल्या आठवड्यापासून माझ्या वड्यांवरचं मांजर पुसट होत चाललंय. काल मी माझ्याच दाराला चावी लावत होते, तर शेजारीण मला विचारते, कुणाकडे आलात? अगं, तिच्या न्हाणीघरात माझाच साबण आहे. मी चिडले नाही, ठकू, घाबरले. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं आणि तुझ्याशिवाय मला कुणी नाही. मला शेवटी दे, असं मी गमतीत म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते. मांजर देऊ नकोस. भाडं चुकलं तर इथे येऊन राहा.

पत्र मिळताच उत्तर दे.

तुझी
मावशी

१५ मार्च

महोदया,
स. न. वि. वि.

आपली पत्रं माझ्या टेबलावर आहेत. आपण ज्यांना ठकू म्हणता त्या मीच असाव्यात, पण मला त्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. आपण पाठवलेलं जुनं पत्र माझ्याच अक्षरात आहे. ते मी कधी लिहिलं, सांगता येत नाही.

माझ्याकडे जमा करायचं एकच चित्र उरलं आहे. साबणाचं लेबल, त्यावर झोपलेलं मांजर, मागे आपला पत्ता. सोमवारी द्यायचं आहे. लिफाफ्यात घालायला घेतलं की हात आखडतो. या मांजराचा एक कान दुमडलेला आहे आणि तो मी खोडून खोडून पुन्हा काढलेला दिसतो. गिऱ्हाइकासाठी मी इतकं करत नाही. खण उघडला की साबणाचा वास येतो आणि मला रडू येतं, कशाचं ते कळत नाही.

हा कान असा का आहे, हे आपल्याला ठाऊक असल्यास कळवावं. उत्तर येईपर्यंत चित्र माझ्याकडे ठेवते.

सवयीने लिहिते, लोभ असावा.

आपली,
डिझायनर

१९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. मायना हाच राहणार, तुला ओळख पटो न पटो.

तो कान तुझ्यामुळे दुमडला. दार धाडकन लावलंस आणि मांजराचा कान सापडला. ते ओरडलं त्याहून तू जास्त ओरडलीस. मग माझ्या स्वयंपाकघरात, साबणाच्या साच्यांशेजारी, त्याला पोटाशी घेऊन झोपलीस. पुढे लेबल काढताना मी म्हटलं होतं, दोन्ही कान नीट काढ, कोण बघतंय. तू ऐकलं नाहीस. म्हणालीस की कान सरळ केला तर ते आपलं मांजर राहणार नाही.

आज माझ्या दाराचं माप घ्यायला माणसं आली होती. फार सभ्य. पत्रा दाखवला. करडा खरंच सुरेख जमलाय गं, नजर थांबतच नाही. मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, माझ्या भाचीचं उत्तर यायचंय. ती जिन्यात उभी आहेत. तुझं पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला दार सापडेना, मी खिडकीतून हात काढला तेव्हा त्याला दिसले. म्हणून आता उत्तर लिहू नकोस. चित्र घेऊन तूच ये.

साबण चुलीवर ठेवलाय आणि खिडकी उघडी टाकली आहे. दार शोधत बसू नकोस, वासावर ये.

सही करायला घेतली आणि क्षणभर अडले, तुझी कोण ते सुचेना. मग वर जाऊन मायना वाचला.

तुझीच
मावशी